लांब पल्ल्याच्या ट्रेकचं सामान: सॅक सगळ्यात शेवटी घ्या

दोन दिवसांचा ट्रेक आणि महिना-दोन महिने चालायचा ट्रेक यात सामानाच्या बाबतीत फार मोठा फरक असतो असं सगळ्यांना वाटतं, पण खरं सांगायचं तर सामान जवळपास तेच लागतं. दोन महिन्यांसाठी दोन महिन्यांचं सामान न्यायचं नसतं, चार-पाच दिवसांचं न्यायचं आणि वाटेतल्या गावात उतरून परत भरायचं. बदलतं ते एवढंच की दोन दिवसांत जी गोष्ट "चालतंय की" म्हणून खपून जाते ती विसाव्या दिवशी खांदे, गुडघे आणि डोकं तिन्ही खाते.

नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो, तर दुकानात जाऊन मोठीच्या मोठी सॅक घेतो आणि मग ती भरायला सामान शोधतो. सॅक मोठी असली की ती भरतेच. म्हणून या लेखात सॅक दहाव्या पायरीवर आहे, त्याच्या आधी येऊ देऊ नका.

१. आधी तीन आकडे काढा

काहीही विकत घ्यायच्या आधी नकाशा घेऊन बसा आणि आपल्या वाटेचे हे तीन आकडे कागदावर लिहा.

पहिला, सगळ्यात थंड रात्र किती अंशांची असेल. इथे एक सापळा आहे, हवामानाचा अंदाज बहुतेक वेळा खालच्या गावाचा असतो आणि तुम्ही झोपणार वर. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गावात १२ अंश असतील तर दीड हजार मीटर वर तुमच्या तंबूबाहेर २ अंशांच्या आसपास.

दुसरा, रसद भरायच्या दोन ठिकाणांमधलं लांबात लांब अंतर किती दिवसांचं. किलोमीटर नको, दिवस लिहा, आणि तेही तुमच्या वेगाने, कारण चढ-उताराच्या वाटेवर पाठीवर ओझं असताना रोजचा वेग सपाटीवरच्या चालण्यासारखा राहत नाही.

तिसरा, पाण्याच्या दोन खात्रीच्या जागांमधलं लांबात लांब अंतर. "खात्रीच्या" हा शब्द महत्त्वाचा, नकाशावरची निळी रेघ उन्हाळ्याच्या शेवटी कोरडी पडलेली असू शकते.

या तीन आकड्यांवर पुढचं जवळपास सगळं ठरतं. कोणी म्हणालं की अमुक जॅकेट घेच, तर विचारायचं की माझ्या कुठल्या आकड्यासाठी?

२. काटा आणि यादी

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हे तुमचं पहिलं उपकरण. प्रत्येक वस्तू त्यावर ठेवा, अगदी टूथब्रशसुद्धा, आणि शीटमध्ये ग्रॅममध्ये लिहा. कंपनीने छापलेल्या वजनावर विसंबू नका, त्यात बऱ्याचदा तंबूच्या खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरलेल्या नसतात.

खाणं, पाणी, इंधन आणि अंगावर घातलेलं सोडून जे वजन उरतं त्याला बेस वेट म्हणतात. साधारण ९ किलोच्या खाली असलं की लाइटवेट आणि साडेचार किलोच्या खाली अल्ट्रालाइट अशी ट्रेकर लोकांची ढोबळ वाटणी आहे. नवीन माणसाने साडेचारच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तिथे सामानाची कमतरता अनुभवाने भरून काढावी लागते. ७ ते ९ किलो हे समजूतदार ध्येय.

एक हिशोब करून दाखवते. बेस वेट ८ किलो, पाच दिवसांचं खाणं रोज ७५० ग्रॅमप्रमाणे पावणेचार किलो, पाणी २ लिटर म्हणजे २ किलो, गॅसचा डबा साडेतीनशे-चारशे ग्रॅम. झाले १४ किलोच्या वर. आता पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवावं असा एक जुना ठोकताळा आहे, त्याने ६० किलोच्या माणसाला १२ किलो बसतात. दोन किलो जास्त झाले ना? खाणं-पाणी कमी करता येत नाही, म्हणजे ते बेस वेटमधूनच काढायचे.

ते काढताना चमचा अर्धा कापण्यापासून सुरुवात करू नका. तंबू, झोपायचं सामान आणि सॅक या तीन गोष्टींतच बेस वेटचा निम्मा भाग असतो, किलो सुटणार ते तिथेच.

जाता जाता, १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजींनी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब ॲपलाचियन ट्रेल एकटीने पूर्ण केली, कॅनव्हासचे बूट, घरी शिवलेली खांद्यावरची झोळी, एक ब्लँकेट, रेनकोट आणि बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा एवढ्यावर. त्यांचं अनुकरण करा असं मी म्हणत नाहीये, पण दुकानात "याच्याशिवाय जमणारच नाही" असं ऐकलं की त्या पडद्याची आठवण काढायला हरकत नाही.

३. झोप

पैसे कुठे खर्च करायचे असतील तर इथे. चालून दमलेलं शरीर रात्रीच भरून निघतं, आणि थंडीने जागून काढलेली एक रात्र पुढचे दोन दिवस वाया घालवते.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाईला आरामात झोप लागेल ते तापमान, लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून रात्र काढेल ते, आणि एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल पण हिमबाधा होऊ शकते असा आकडा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा लिमिट असतो. तुम्ही कम्फर्ट बघा, आणि तो तुमच्या पहिल्या आकड्याच्या बरोबरीचा किंवा थोडा खालचा हवा. पुरुष असलात तरी.

आत पिसं की सिंथेटिक? पिसांची म्हणजे डाउनची बॅग त्याच उबेला हलकी पडते आणि मुठीएवढी दबते, पण भिजली की लोळागोळा होते आणि ऊब जाते. सिंथेटिक जड आणि फुगीर, पण ओली झाली तरी थोडीफार ऊब देते. डाउनवर ६५०, ८००, ९०० असा फिल पॉवरचा आकडा असतो, तो पिसांचा दर्जा सांगतो, बॅग किती उबदार ते सांगत नाही. ९०० ची पिसं जर थोडीशीच भरली असतील तर ती बॅग पातळच. आत पिसांचं वजन किती ग्रॅम तेही बघा.

आता मॅट, जिच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. तुमच्या अंगाखाली स्लीपिंग बॅग चेपली जाते, चेपलेल्या पिसांत हवा राहत नाही, आणि हवा नाही म्हणजे ऊब नाही. खालून येणारी थंडी मॅटच अडवते. मॅटची ताकद आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात, साधी फोमची मॅट २ च्या आसपास, हवेच्या चांगल्या मॅट ४ किंवा त्याहून वर. उन्हाळी रात्रींना २ पुरतात, शून्याच्या जवळ जाणार असाल तर ४ च्या आसपास हवी, बर्फावर ५ च्या वर. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. २०२० पासून हे मोजण्याची एक सामाईक चाचणी वापरात आहे, त्याच्या आधीच्या जुन्या मॅटवरचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

हवेच्या मॅटला भोक पडणार हे धरूनच चाला आणि पॅच किट त्याच पिशवीत ठेवा.

४. तंबू

दुहेरी कापडाचा तंबू जड, पण आतल्या जाळीमुळे बाष्पाचं पाणी अंगावर येत नाही. एकेरी कापडाचा हलका, आणि सकाळी आतून ओला. ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू घेतला तर वेगळ्या दांड्यांचं वजन वाचतं, पण मग दगडावर किंवा फळ्यांच्या ओट्यावर जिथे खुंट्या ठोकता येत नाहीत तिथे फजिती होते, म्हणून तुमच्या वाटेवरचे मुक्काम कसे आहेत ते आधी बघा. नायलॉनचं कापड ओलं झालं की सैल पडतं, झोपायच्या आधी एकदा दोऱ्या ताणायच्या.

दोन माणसांचा म्हणून जो विकतात तो दोन माणसं आणि शून्य सामान असा असतो. दोघं असाल आणि सॅक आत हव्या असतील तर तिघांचा बघा, नाहीतर पुढच्या पडवीत सॅक मावते का ते दुकानातच मांडून बघा.

५. पाय

यावर लोक भांडतात. माझं मत: वाट मळलेली असेल, बर्फ नसेल आणि ओझं १४-१५ किलोच्या आत असेल तर हलके ट्रेल रनर बूट (डोंगरवाटेवर पळायचे, घोट्याच्या खालचे) पुरतात. घोट्यापर्यंतचे जड बूट दगडधोंड्याच्या, बर्फाच्या वाटेवर आणि ज्यांचा घोटा आधीच कमजोर आहे त्यांना. वॉटरप्रूफ बुटांचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरलं की तेच अस्तर पाणी आत धरून ठेवतं, जाळीचे बूट मात्र चालता चालता वाळतात.

मापाचं सांगते, बूट संध्याकाळी घ्यायला जा, पाय दिवसभरात सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर लांब उतारावर नखं काळी पडतात. आठवड्यानुआठवडे चालल्यावर बऱ्याच जणांचा पाय अर्ध्या ते एक नंबराने वाढतो, म्हणून पुढच्या टप्प्यांसाठी पाच जोड आधीच विकत घेऊन ठेवू नका. ट्रेल रनर ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये संपतात, त्या हिशोबाने वाटेत कुठे नवीन मिळतील ते नकाशावर खूण करून ठेवा.

मोजे लोकरीचे किंवा मिश्र, तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला आणि तो कधीच ओला करायचा नाही. पाय कुठे गरम लागायला लागला की लगेच थांबून पट्टी लावा, फोड आल्यावर नाही.

६. कपडे

सुती काही नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं, लवकर वाळत नाही, आणि वाऱ्यात अंग गार पाडतं. चालायचा एक जोड, झोपायचा एक जोड, त्यावर फ्लीस, थांबल्यावर घालायचं उबदार जॅकेट, आणि पाऊस-वाऱ्यासाठी वरचं कवच. टोपी, हातमोजे, गळ्यात बफ म्हणजे ताणणारी कापडी नळी. झालं. रोज नवा टी-शर्ट ही कल्पनाच सोडून द्या, सगळ्यांना वास येतो आणि तीन दिवसांनी कोणाला काही वाटत नाही.

चालताना किंचित गार वाटेल एवढंच घालायचं. सुरुवातीला उबदार वाटतंय म्हणून जॅकेट घालून निघालात की अर्ध्या तासात घामाने आतून ओले होता, आणि मग वर खिंडीत वारा लागला की कुडकुडता.

७. पाणी

पिशवी पिळून पाणी गाळायचा फिल्टर हलका आणि सोपा, साधारण ०.१ मायक्रॉनचा असतो, जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो. विषाणू त्यातून जातात. म्हणून वस्तीच्या किंवा गुरांच्या खालच्या अंगाचं पाणी असेल तर क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या किंवा उकळणं हवंच. गोळ्यांना वेळ लागतो, पाकिटावर वाचा, क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट परजीवीसाठी चार तासांपर्यंत थांबायला सांगितलेलं असतं. उकळत असाल तर खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. शेतातल्या फवारणीची किंवा खाणीतली रसायनं यातल्या कशानेही जात नाहीत, ते पाणी सोडूनच द्यायचं.

वापरलेला फिल्टर गोठला की आतल्या नळ्या तडकतात, आणि बाहेरून काही कळत नाही. थंडीत तो रात्री बॅगमध्ये आपल्यासोबत झोपवा.

बाटल्या किती, तर तिसऱ्या आकड्याकडे बघा. नेहमीसाठी दोन एक-लिटरच्या आणि कोरड्या टप्प्यासाठी घडी होणारी दोन लिटरची पिशवी, एरवी तिचं वजन नगण्य असतं.

८. चूल आणि खाणं

गॅसच्या डब्याच्या आट्यांवर फिरवून बसणारी छोटी चूल नवीन माणसाला सगळ्यात सोपी. अर्धा लिटर पाणी उकळायला वारा नसेल तर ६ ते ८ ग्रॅम गॅस जातो, वाऱ्यात दुप्पटही. म्हणजे १०० ग्रॅमच्या डब्यात बारा-पंधरा वेळा. शून्याच्या आसपास साधा ब्यूटेन वायू होत नाही, त्यामुळे थंडीत आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. डब्याभोवती सगळीकडून पत्र्याचा आडोसा लावायचा नाही, डबा तापून फुटू शकतो. आणि बंद तंबूत चूल पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाण्याचं गणित वजनात करा. स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९ कॅलरी देतात, पिठूळ आणि गोड ४. सुकामेवा, दाण्याचं बटर, तेल हे सोबत असलं की तेवढ्याच वजनात जास्त ताकद. १०० ग्रॅमला ४०० ते ४५० कॅलरीच्या वर असलेल्या गोष्टी निवडत गेलात की रोज पाऊण किलोत तीन हजारच्या पुढे जाता. पहिले तीन-चार दिवस भूक मरते आणि नंतर अशी लागते की विचारू नका, त्यामुळे पहिल्या टप्प्याला थोडं कमी भरा. एकच पदार्थ महिनाभराचा आणून ठेवू नका, दहाव्या दिवशी त्याच्याकडे बघवत नाही.

काही जंगलांत अस्वलांमुळे खाणं ठराविक कडक डब्यातच ठेवायचा नियम असतो. तो डबाच किलोभराचा असतो आणि सॅकमध्ये मोठी जागा खातो, सॅकचं माप ठरवायच्या आधी हे माहीत हवं.

९. बारीकसारीक आणि कागदपत्रं

इथेच सॅक गुपचूप जड होते. भीती वाटते म्हणून घेतलेल्या वस्तू बहुतेक याच गटात असतात.

- हेडटॉर्च. पॉवर बँक १०,००० एमएएचची, तिच्यातून फोन साधारण दोनदा भरतो.
- फोनमध्ये ऑफलाइन नकाशे, आणि वेगळा कागदी नकाशा व होकायंत्र. चालताना फोन एअरप्लेन मोडवर.
- प्रथमोपचार: तुमची रोजची औषधं, वेदनाशामक, जुलाब आणि ॲलर्जीच्या गोळ्या, ओआरएस, बँडेज, चिकटपट्टी, छोटी चिमटी. वापरता येत नाही ते नेऊ नका.
- दुरुस्ती: सुई-जाड दोरा, डक्ट टेप काठीवरच गुंडाळून, मॅटचा पॅच, तंबूच्या दांडीवर चढवायची नळी.
- छोटं खुरपं. शौचाचा खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून ६० मीटर लांब.
- शिट्टी, लायटर, छोटा चाकू.
- परवाने, ओळखपत्र, डोंगरातली सुटका कव्हर होते असा विमा (उंचीची मर्यादा किती ते बारीक अक्षरात असतं), औषधांची चिठ्ठी, थोडी रोख. सगळं झिपच्या पिशवीत, फोटो फोनमध्ये.

मोबाइलची रेंज नसलेल्या वाटेवर एकटे जाणार असाल तर सॅटेलाइटवरून मदत मागायचं यंत्र घ्या. बीकन (फक्त मदतीची हाक पाठवणारं) असेल तर निघायच्या आधी रजिस्टर करा, मेसेंजर (मेसेजही पाठवणारं) असेल तर त्याचं सबस्क्रिप्शन चालू आहे ना ते बघा. काही देशांत असं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, ते आधी तपासा. आणि घरच्यांकडे लेखी टप्पे ठेवा, कुठल्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं यासकट.

१०. आता सॅक

वरचं सगळं, पाच दिवसांच्या खाण्यासकट, एका खोक्यात भरा. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा, लिटर मिळाले. बहुतेकांचं ४५ ते ५५ मध्ये भागतं.

सॅक उंचीवरून घेत नाहीत, पाठीच्या लांबीवरून घेतात. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेपने मोजायला सांगा. दुकानात दहा-बारा किलो भरूनच घाला आणि वीस मिनिटं फिरा. कमरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे आणि बहुतेक वजन तिथेच उतरलं पाहिजे. खांद्यावरचे पट्टे फक्त सॅक पाठीला धरून ठेवायला असतात. खांद्यांच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये मोठी फट राहत असेल तर ती सॅक तुमची नाही, कितीही स्वस्त मिळत असली तरी.

११. भरायची कशी

सगळ्यात आधी आत एक जाड मोठी प्लास्टिकची पिशवी. बाहेरचं रेन कव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही आणि वाऱ्यात उडतंही, आतली पिशवी खात्रीची.

तळाला स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे. त्यावर, पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर जड गोष्टी म्हणजे खाणं आणि पाणी. जड सामान बाहेरच्या बाजूला गेलं की सॅक मागे ओढते आणि दिवसभर तुम्ही वाकून चालता. मोकळ्या फटींत कपडे कोंबा, प्रत्येक गोष्ट वेगळ्या पिशवीत घालून विटा तयार करू नका, त्यांच्यामध्ये जागा वाया जाते. ओला तंबू प्लास्टिकच्या बाहेर. सगळ्यात वर पावसाचं जॅकेट आणि उबदार जॅकेट. दिवसभराचा खाऊ, फिल्टर, नकाशा, सनस्क्रीन सॅक न उतरवता हाताला लागेल असं.

विमानाने जाणार असाल तर गॅसचा डबा कुठल्याच बॅगेत चालत नाही, उतरल्यावरच घ्यायचा. पॉवर बँक केबिनमध्येच, आणि १०० वॉट-तासांच्या आत (२०,००० एमएएचची साधारण ७४ होते). चाकू, खुंट्या, काठ्या चेक-इनमध्ये. चूल स्वच्छ धुतलेली हवी.

१२. दोन रात्रींची तालीम

निघायच्या महिनाभर आधी, पूर्ण वजनासकट, जमलं तर पावसाची शक्यता असताना, दोन रात्री बाहेर काढा. महिनाभर अशासाठी की बूट किंवा मॅट बदलायची वेळ आली तर हातात दिवस हवेत. तंबू अंधारात लावून बघा, चूल वाऱ्यात पेटवून बघा.

परत आल्यावर सामानाचे तीन ढीग करा: रोज लागलं, एकदा लागलं, हात लागला नाही. तिसऱ्या ढिगातलं पावसाचं जॅकेट, प्रथमोपचार, दुरुस्ती आणि मदतीचं यंत्र सोडून बाकी सगळं घरी. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूला विचारा की हिचं काम दुसरं काही करू शकलं असतं का. मग परत काट्यावर.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यात काहीतरी जास्तीचं निघतंच, ते पार्सलने घरी पाठवायचं. त्यासाठी वाटेतल्या पहिल्या मोठ्या गावातलं पोस्ट ऑफिस कुठल्या दिवशी, किती वाजेपर्यंत उघडं असतं ते आत्ताच यादीत लिहून ठेवा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पोचलात तर एकतर गावात थांबावं लागतं नाहीतर तेच सामान पुढचा अख्खा टप्पा वाहावं लागतं.